जांभळीखालची पिवळी

साळूच्या तोंडून चांगला शब्द ऐकायचा तर माणसाला आधी मरावं लागे, आणि मेल्यावरही तो मिळेलच याची खात्री नव्हती. तिचा नवरा गोमा मधाचं पोळं काढायला झाडावर चढला आणि वरून पडून गेला. ऊर बडवून रडून झाल्यावर साळूने डोळे पुसले आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, “चढाया येत व्हतं त्याला. उतरायचं कुनी शिकवलंच नाय.” बायका खाली मान घालून बसल्या. हसावं तर मयताचं घर, आणि न हसावं तर साळू विचारणार की कान फुटले का तुमचे.

माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची एक वाडी आहे, तिथली ही साळू. दिवाळी सरली की वाडी रिकामी होई, सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जात, साळूही जाई. पण भट्टीवर ती पाहुणीसारखी राही, तोंड वाकडं करून. माती ती मळायची, पण मातीवर, मालकावर, मुकादमावर आणि विटा घेणाऱ्या शहरावर थुंकत थुंकत. तिचं खरं राज्य पावसात. पाऊस लागला की ती डोंगरात शिरे आणि शेवळं, भारंगी, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या, जे काय हाती लागेल ते टोपलीत घालून पनवेलच्या बाजारात येऊन बसे. आणि श्रावणात आणे पिवळी अळंबी. ती साळूशिवाय दुसरं कुणी आणत नसे. पांढरी अळंबी सगळ्याच बायका आणत. पिवळीला हात लावायची छाती फक्त साळूची.

त्याला कारण होतं. पिवळ्या रंगाची एक खोटी अळंबीही डोंगरात येते. ती खाल्ली तर माणूस मरत नाही, पण मेलो असतो तर बरं, असं त्याला दिवसभर वाटत राहतं. वाडीतल्या बळीरामच्या घरी ती एकदा शिजली होती. घरातली झाडून सगळी माणसं ओसरीवर आडवी पडून ओकत होती आणि साळू दारात कमरेवर हात ठेवून म्हणत होती, “पिवळं दिसलं की तोंडात घालता. उद्या पिवळा साप दिसला तर त्यालाबी भाकरीसंगं खाशाल.” मग तिनेच त्यांना मीठपाणी पाजून पोटं धुतली. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि बळीरामने सांगितलं तर त्यालाच खोटं पाडलं.

नव्या पनवेलात तेव्हा सिडकोच्या इमारती नव्यानेच भरत होत्या. मुंबईची नोकरदार माणसं येऊन राहायला लागली होती. त्यांपैकी शशिकलाबाई हे साळूचं ठरलेलं गिऱ्हाईक. नवरा दीनानाथ बँकेत. दीनानाथराव श्रावण कडक पाळत, महिनाभर मटणाचं नाव नाही, आणि म्हणूनच त्यांना पिवळी अळंबी हवी असे. खोबरं, कांदा भाजून वाटण लावलं की ती थेट मटणासारखी लागते. साळूला हे कळलं तेव्हापासून तिच्या मनातून देवसुद्धा थोडा उतरला. “मटण नको, पन मटणाची चव पायजे,” ती शेजारच्या भाजीवालीला म्हणे. “आनि देव बी येडा, वरून बगतोय आनि म्हनतोय, वा, काय पाळलाय श्रावण!”

शशिकलाबाई दरवर्षी न चुकता विचारत, “विषारी नाही ना गं?” आणि साळू न चुकता सांगे, “विषारी असती तर तुला कशाला देऊ? तुझी सासू नाय का घरात?” बाईंना याचा राग येत नसे. घरी गेल्यावर त्या रश्शात लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं टाकत, काळं पडलं तर अळंबी विषारी. हे त्यांनी स्वतःच एकदा कौतुकाने साळूला सांगितलं. साळूने पाय पुढे केला आणि पायातला काळा पडलेला वाळा दाखवला. “हा बग, घामानं काला पडलाय. म्हंजे मी विषारी झाले व्हय?” आजूबाजूच्या बायका पोट धरून हसल्या. बाईही हसल्या, पण नाणं टाकायचं काही त्यांनी सोडलं नाही. शिकलेलं माणूस एकदा चुकीचं शिकलं की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही, असं साळूचं मत झालं. हे मत स्वतःला कधी लागू पडेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

विकायची साळूची एक रीत होती. गिऱ्हाईक समोर आलं की ती टोपलीतली एक अळंबी उचले, बाईच्या नाकापुढे धरून उभी फाडे आणि म्हणे, “बग, दूध!” बाहेरून अंड्याच्या बलकासारखी पिवळी, आणि आतून पांढरीशुभ्र, भरीव, उकडलेल्या कोंबडीसारखी तंतू तंतू सुटणारी. गिऱ्हाइकाला वाटे, काय खेळ करते बाई! पण तो नुसता खेळ नव्हता, खरीची ओळख होती ती.

डोंगरात काढताना मात्र ती फाडून बघत नसे. तिला गरज वाटत नसे. तिची पिवळी एकाच जागेवर यायची, ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या जांभळीखाली. तिच्या आईने ती जागा तिला दाखवली होती, आणि आईला आजीने. झाड तेच, माती तीच, श्रावण लागला की अळंबी तीच. “जागा खोटं बोलत नाय,” हे साळूचं वेदवाक्य. डोळे मिटून तिथे हात घालावा आणि टोपली भरावी, इतका तिचा त्या जागेवर विश्वास. माणसांवर ठेवायचा सगळा विश्वास तिने बहुधा त्या जांभळीच्या बुंध्याशीच नेऊन ठेवला होता.

मुलगा अंकुश लग्नाचा झाला आणि त्याने भट्टीवरच पोरगी पसंत केली. तिचं नाव सोनम. आपट्याच्या बाजूच्या एका भट्टीवर ती जन्मली, भट्टीवरच वाढली, आणि पावसातसुद्धा तिचे आईबाप भट्टीवरच मालकाच्या झापात, झोपडीत, राखण करत राहायचे. त्यामुळे कातकऱ्याची पोर असूनही तिला डोंगर ठाऊक नव्हता. भारंगी कुठली आणि घाणेरी कुठली, ते तिला कळेना. साळूने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, भट्टीतली वीट. “भाजलेली हाय चांगली,” ती सगळ्यांना सांगे, “पन आत डोकं घालाया इसरले.”

सोनम उलट बोलत नसे. ती ऐके आणि कामाला लागे. साळूला भांडणारी सून परवडली असती. हे गप्प राहणं तिच्या डोक्यात जाई.

नेमका साळूवरच सोनमला शिकवायचा प्रसंग आला. अंकुश बांधकामावर जाऊ लागला, साळूचे गुडघे कुरकुरू लागले, टोपली वाहायला कुणीतरी हवं होतं. साळूने शिकवलं, पण ते शिकवणं कसलं, शिव्यांचं वाटप होतं. “डोळं हायत का बटणं? खाली उलटी कर. खाली पानं दिसतात का? नाय ना? शिरा हायत त्या, शिरा. नखानं खरवड, सुटत्यात का बग. सुटल्या नाय म्हंजे खरी. वहीच्या पानावानी सुटली, तर टाक ती.” मग वास. “नाक कशाला दिलंय देवानं, शेंबडाला? पिकल्या आंब्याच्या सालीचा वास येतोय का बग.” मग आकार, “रॉकेलच्या नरसाळ्यावानी, कड वाकडीतिकडी, तुझ्या भांगावानी.” आणि शेवटी, “मातीतनं एकेकटी येती ती आपली. लाकडावर झुबका करून बसती ती दुसरी. आता इसरलीस तर तुझ्या बापाला सांगीन, वीट परत घे.”

सोनम विसरली नाही. उलट इतकं लक्षात ठेवलं की साळूला पश्चात्ताप झाला. ही पोरगी प्रत्येक अळंबी उपटायची, उलटी करायची, शिरांवर नख फिरवायची, नाकाशी धरायची, एका कडेला चीर देऊन आतला रंग बघायची, आणि मग टोपलीत ठेवायची. एकेक. साळूची टोपली भरून व्हायची तेव्हा हिच्या टोपलीचा तळही झाकलेला नसे. “डागतरीन आली बगा आमची!” साळू ओढ्यापलीकडच्या बायकांना ओरडून सांगे. “अळंबीची नाडी बगतीय!” बायका हसत. सोनम पुढची अळंबी उलटी करे.

त्यानंतर एका वर्षी वाडी भट्टीवरून परत आली तेव्हा जांभळी नव्हती. ओढ्यावरची जमीन मुंबईच्या कुणा शेटने फार्महाऊससाठी घेतली होती. झाडं तोडून, बुंधे जमिनीसपाट करून, वर माती लोटून, भोवती काटेरी तारा ओढल्या होत्या. साळूने त्या तारांना लाथ मारली आणि शेटच्या सात पिढ्यांना बोल लावले. शेट मुंबईला होता, त्याला ऐकू गेलं नाही. त्या श्रावणात पिवळी आली नाही. पनवेलात साळूने सांगितलं, “औंदा पाऊसच येडा पडलाय.” झाड गेल्याचं तिने तोंडातून काढलं नाही. जागा गेलेल्या साळूत आणि इतर बायकांत फरक काय उरला? हा प्रश्न तिला आतून खाऊ लागला होता. तिची सारी मिजास त्या एका झाडाला टांगलेली होती, हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

आणि त्याच सुमारास पनवेलच्या दुकानांतून प्लॅस्टिकच्या डब्यांतली बटण अळंबी मिळू लागली. पांढरी, गोल, एकसारखी. शशिकलाबाईंनी एकदा तो डबा पिशवीतून काढून दाखवला. “हे बघ, आता हे मिळतं. विषारी असायची भीती नाही.” साळूने एक बटण बोटांत धरलं, हुंगलं आणि परत टाकलं. “सदऱ्याला लाव,” ती म्हणाली. बाई हसल्या, पण यंदा त्यांनी कंटोळीसुद्धा घेतली नाहीत. साळूने त्या दिवशी घरी आल्यावर कुणाला एकही टोमणा मारला नाही. अंकुशला वाटलं ताप आला असेल.

पुढच्या श्रावणात ती सोनमला घेऊन तारांतून वाकून आत गेली, कशाला कुणास ठाऊक, आणि उभीच राहिली. जांभळी होती तिथे, त्याच मातीवर, पिवळंजर्द. झुबकेच्या झुबके. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू आलेलं पाहून ती स्वतःवरच चिडली, आणि चिडून सोनमवर ओरडली, “बगतेस काय! म्हनलं व्हतं ना? झाड गेलं, पन जागा खोटं बोलत नाय!” आणि दोन्ही हातांनी ओरबाडून टोपली भरू लागली. इतकी वर्षं ज्या झुबक्यांना तिने शिव्या दिल्या होत्या, त्यांच्याकडे आज तिने बघूनही न बघितल्यासारखं केलं. हवी ती गोष्ट समोर आली की माणसाचं शहाणपण शेण खायला जातं.

सोनमने एक उचलली. उलटी केली. खाली शिरा नव्हत्या, पातळ पानं होती, नख लावताच सुटली. फाडली, आत पिवळीच. हुंगली, आंब्याची साल नाही, काही नाही, नुसता कुजका ओला वास. तिने मातीत बोट घातलं. बोटभर खाली जांभळीचं कुजकं मूळ होतं, आणि झुबका त्या मुळावरच बसलेला होता.

“आये,” ती म्हणाली, “ही ती नाय.”

साळूने मान वर केली. “काय म्हनलीस?”

“लाकडावर आलीया. पानं सुटत्यात.”

“माझ्या आजीच्या जागेवर उभी ऱ्हाऊन तू मला सांगतेस? भट्टीतली वीट तू! उचल टोपली आनि चल गप.”

सोनमने टोपली उचलली. तिने वाद घातला नाही. रस्ताभर साळू बोलत होती आणि सोनम डोक्यावर टोपली घेऊन पुढे चालत होती. टेम्पोतही साळू बोलत होती. इतकं बोलायचं कारण काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. मनात कुठेतरी शंकेची पाल चुकचुकली होती, आणि त्या पालीला गप्प करायला साळूकडे तोंडाशिवाय दुसरं हत्यार नव्हतं.

बाजारात बसताच शशिकलाबाई समोर हजर. सोबत नणंद, पुण्याहून आलेली. “आली का गं पिवळी? बघा हं वन्सं, हीच ती मी सांगितलेली. आमच्याकडे सगळे तुटून पडतात. सगळीच दे साळू, आज घरी बरीच माणसं आहेत. विषारी नाही ना?”

गेल्या साली गेलेली अब्रू आज टोपलीभर परत मिळत होती. साळूचा हात सवयीने टोपलीत गेला, अळंबी उचलली, नणंदेच्या नाकापुढे धरली आणि फाडली. “बग...”

आत दूध नव्हतं. आत पिवळं होतं, बाहेरच्याहून जास्त पिवळं.

बाईंना काही कळलं नाही. त्या पिशवीचं तोंड उघडून उभ्या होत्या. नणंद म्हणाली, “अय्या, किती छान रंग!” कळलं होतं ते फक्त दोघींना, आणि त्यातली एक खाली बघत अळंबी बांधून द्यायची सागाची पानं पुसत होती. सोनमने वर बघितलं असतं तर साळूने तिला तिथेच थोबाडलं असतं.

विकावी? क्षणभर, खरंच क्षणभर, तिला वाटलं. नाणं टाकणारी बाई, ओकेल दिवसभर आणि म्हणेल मटणाची चव होती. पण मग तिला बळीरामची ओसरी आठवली, आणि तिने ते बाईच्या घरात कल्पून बघितलं. साळू कुणावर प्रेम करत नसेल, पण कुणाला तिने आजवर फसवलंही नव्हतं.

“नाय द्यायची,” ती म्हणाली.

“अगं, का?”

खरं सांगता आलं असतं. ‘बाई, चूक झाली, ही खोटी हाय.’ एवढंच. साळूच्या जिभेला असले शब्द वळतच नव्हते. “तुला नाय द्यायची,” ती कडाडली. “दरसाल इचारतेस, विषारी हाय का, विषारी हाय का. माझ्या हातावर भरवसा नाय तर जा ना दुकानात! खा ती बटणं! चांदी उकळ नायतर सोनं उकळ!”

शशिकलाबाईंचा चेहरा पडला. पाहुणीसमोर हा अपमान. “चला वन्सं,” त्या म्हणाल्या, “या लोकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.” त्या गेल्या त्या पुन्हा साळूकडे कधी आल्या नाहीत. ज्या बाईला साळूने त्या दिवशी वाचवलं, ती साळूला आयुष्यभर शिव्या देत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टोपली गटारात रिकामी झाली. दोघी परत निघाल्या.

वाडीच्या अलीकडे ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. रिकामी टोपली बघून गंगाबाईने विचारलं, “समदी खपली का गं?”

इथे तरी साळूने गप्प बसावं की नाही? पण सुंभ जळाला तरी पीळ कुठला जायला! “खपती कशाची!” ती म्हणाली. “या भट्टीतल्या विटेनं खोटीच भरली टोपलीत. बाजारात मी फाडली म्हनून कळलं, नायतर बाई मेली असती. फेकून दिली समदी.”

बायकांनी सोनमकडे बघितलं. सोनम टोपली पाण्यात बुडवून धूत होती. गंगाबाई मात्र जरा विचारी. ती म्हणाली, “पन साळू, भरताना तू व्हतीस ना संगं? तू बगितलं नाय?”

साळूने तोंड उघडलं. ती काही म्हणायच्या आत सोनम बोलली, पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, शांतपणे.

“आयेला नका बोलू. चूक माझीच. तिला आता नीट दिसत नाय.”

धुणं आपटायचं थांबलं. मग गंगाबाई “अगं बाई” म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते साळूने आजवर कुणाच्याही आवाजात स्वतःसाठी ऐकलं नव्हतं. द्वेष ऐकला होता, भीती ऐकली होती. कीव कधी ऐकली नव्हती.

साळूची नजर अशी की समोरच्या डोंगरावर चरणारी शेळी कुणाची, ते ती दारातून सांगायची. मला चांगलं दिसतंय, असं ओरडायला तिने श्वास घेतला. आणि तो श्वास छातीतच राहिला. चांगलं दिसत होतं, तर मग खोटी अळंबी टोपलीत गेली कशी? डोळे शाबूत ठेवावे तर अक्कल गेली, आणि अक्कल राखावी तर डोळे द्यावे लागत होते. ही पोरगी तिला वाचवत होती की गाडत होती, ते तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. सोनमचा चेहरा नेहमीसारखाच, विटेसारखा.

“व्हय,” साळू म्हणाली. “दिसत नाय आता.”

“आधी सांगायचं नाय का मग,” गंगाबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि येऊन साळूचा दंड धरला. “चल, दगडं निसरडी हायत. इथं पाय ठेव. आता इथं. हळू.” सोनम टोपली घेऊन पुढे गेली होती. ओढ्यातला एकेक दगड, त्यावरचं शेवाळ, दगडाखालचा खेकडासुद्धा साळूला लख्ख दिसत होता, आणि गंगाबाई सांगेल तिथे ती चाचपडत पाय ठेवत होती.